जुना भिडू, नवा हिशेब

आपल्या वाशिम जिल्ह्यात हर्रास म्हटलं की आधी डोळ्यासमोर येते ती बाजार समिती. सोयाबीनचा ढीग, भोवती अडते आणि व्यापारी, मूठभर दाणे तळहातावर घेऊन ओलावा बघणारा कुणीतरी, आणि चढत जाणारी बोली. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मात्र हर्रास म्हणजे एकच, आयपीएलचा लिलाव! त्या दिवशी मेसमध्ये भाजी कोणती आहे याकडेही कुणाचं लक्ष नसतं. "याला एवढे पैसे?" "आपल्या टीमने त्याला का सोडलं बे?" अशी चर्चा रात्री एक-दीडपर्यंत चालते.

या चर्चेत एक गोष्ट मात्र नेहमी सुटते. कोण किती कोटींना गेला हे सगळ्यांना पाठ असतं. पण लिलावाच्या टेबलावर संघ जी यादी घेऊन बसतो, ती बनते कशी? खरं सांगायचं तर तिचा बराचसा भाग लिलावाच्या आधीच ठरलेला असतो. संघात एखादा अनुभवी खेळाडू आधीच येऊन बसला असेल तर कोणावर बोली लावायची, कोणाला सोडायचं, किती पैसे राखायचे आणि कोणत्या नव्या पोराला संधी द्यायची, हे सगळं बदलतं. हा लेख त्याच बदलाबद्दल आहे. शेवटी आपण विदर्भाच्या रणजी टीमकडे येऊ. तिथे लिलाव नाही, पैशाची पर्स नाही. तिथे प्रश्न आहे तो जागेचा, आणि ती जागा उद्या आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या पोराची असू शकते.

आधी ड्राफ्ट समजून घेऊ

हा विषय मुळात अमेरिकेचा. तिथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती बॉल हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याने आडवं पाडायचं, असा तो खेळ. त्यांच्या एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ आहेत. दरवर्षी कॉलेजमधून बाहेर पडणारे खेळाडू या संघांत वाटले जातात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. इथे बोली लागत नाही, नंबर लागतो. गेल्या मोसमात जो संघ सगळ्यात खाली होता त्याला पहिली निवड, आणि विजेत्याला सगळ्यात शेवटची. अशा सात फेऱ्या होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ही हर्रास नाही, पंगत आहे. फक्त सगळ्यात उपाशी माणसाला आधी वाढतात.

गंमत अशी की पंगतीतला हा नंबर विकताही येतो. एखाद्या संघाला तयार, अनुभवी खेळाडू हवा असेल तर तो आपले ड्राफ्टमधले नंबर देऊन दुसऱ्या संघाकडून तो खेळाडू घेतो. म्हणजे आजच्या माणसासाठी उद्याची पोरं द्यायची.

याचं गाजलेलं उदाहरण एप्रिल २०२३ चं. न्यूयॉर्क जेट्स या संघाने ग्रीन बे पॅकर्सकडून ॲरन रॉजर्स हा खेळाडू घेतला. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. बदल्यात जेट्सने पहिल्या फेरीतला आपला १३ वा नंबर देऊन पॅकर्सचा १५ वा नंबर घेतला, शिवाय दुसऱ्या फेरीतला ४२ वा नंबर दिला. किरकोळ नंबरांची अदलाबदल झाली ती वेगळी. आणि एक अट घातली गेली. पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीतला नंबरही पॅकर्सला मिळेल. पण रॉजर्स त्या मोसमात ६५ टक्के वेळ खेळला, तर दुसऱ्याऐवजी पहिल्या फेरीतला नंबर द्यावा लागेल.

११ सप्टेंबर २०२३ ला जेट्सची पहिली मॅच झाली. रॉजर्स मैदानात उतरला आणि चौथ्याच चालीत त्याच्या टाचेची शीर तुटली. मोसम संपला. पण अट होती म्हणून जेट्सचा पहिल्या फेरीतला नंबर वाचला. ज्याने ती अट लिहिली त्याला ३९ वर्षांच्या शरीराचा अंदाज होता असं म्हणायला हरकत नाही. आपण डिझाइन करताना फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतो ना, तसंच हे.

आपल्याकडे आयएसएलच्या पहिल्या मोसमाआधी, २०१४ मध्ये, भारतीय फुटबॉलपटूंचा असा ड्राफ्ट मुंबईत झाला होता. पण आपल्याला ओळखीची आहे ती आयपीएल, आणि तिथे नंबराची जागा पैसा घेतो. म्हणून आता मुंबईचे काही हिशेब बघू.

२००८ : सचिन होता म्हणून धोनी महाग पडला

आयपीएलचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत झाला. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा ५० लाख डॉलर. पाच संघांना त्यांच्या शहराचा लाडका सीनियर खेळाडू लिलावाशिवायच मिळाला होता, त्याला आयकॉन प्लेअर म्हणायचे. मुंबईला सचिन, कोलकात्याला गांगुली, बंगलोरला द्रविड, दिल्लीला सेहवाग आणि पंजाबला युवराज. आता इतका मोठा खेळाडू आयता मिळाला म्हणजे फायदाच, असं कुणालाही वाटेल. पण नियमात एक मेख होती. संघातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूला जितके पैसे मिळतील, त्याच्या १५ टक्के जास्त पैसे आयकॉनला द्यायचे, आणि तेही त्याच ५० लाखांतून.

आता बीजगणित लावा. मुंबईने एखाद्यावर सर्वोच्च बोली क्ष लावली तर सचिनला १.१५ क्ष द्यावे लागणार. एकूण खर्च २.१५ क्ष. म्हणजे बोली एक लाखाने वाढली की मुंबईच्या खिशातून सव्वादोन लाखांच्या आसपास जाणार. चेन्नईकडे आयकॉनच नव्हता. त्यांच्यासाठी एक लाख म्हणजे एकच लाख.

धोनीचं नाव आलं तेव्हा मुंबई आणि चेन्नई दोघेही बोली लावत होते. चेन्नईने त्याला १५ लाख डॉलरला घेतलं. समजा त्याच किमतीला मुंबईने घेतलं असतं, तर सचिनला १७.२५ लाख द्यावे लागले असते. दोघांचे मिळून ३२.२५ लाख, आणि उरलेल्या अख्ख्या संघासाठी फक्त १७.७५ लाख! चेन्नईकडे मात्र धोनी घेऊनही ३५ लाख शिल्लक राहिले. मुंबईने शेवटी जयसूर्याला ९.७५ लाखांना घेतलं. तोच त्यांचा सगळ्यात महागडा खेळाडू ठरला, आणि त्या हिशेबाने सचिनचा आकडा निघाला ११,२१,२५० डॉलर. कॅल्क्युलेटरवर ९.७५ गुणिले १.१५ करून बघा, बरोबर येतं.

हैदराबादच्या संघासाठी व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने मात्र आयकॉन व्हायलाच नकार दिला, म्हणजे संघाच्या हातात जास्त पैसा राहील. त्याला ३.७५ लाख मिळाले. त्यांनी सायमंड्सला १३.५ लाखांना घेतलं. लक्ष्मण आयकॉन असता तर त्याला १५.५२५ लाख द्यावे लागले असते. म्हणजे एका माणसाच्या नकारामुळे संघाचे पावणेबारा लाख डॉलर वाचले.

यातून पहिला मुद्दा निघतो. अनुभवी खेळाडूची खरी किंमत त्याच्या मानधनात दिसत नाही. त्याच्यामुळे दुसऱ्या कोणावर हात ठेवता येत नाही, ती त्याची खरी किंमत. इकॉनॉमिक्सच्या पेपरला आपण अपॉर्च्युनिटी कॉस्टची व्याख्या घोकतो, ती हीच.

अदलाबदल : एक खिडकी उघडली की दुसरी बंद

२००९ च्या मोसमाआधी मुंबईने बंगलोरकडून झहीर खान घेतला आणि बदल्यात रॉबिन उथप्पा दिला. झहीर आपल्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा, आणि इंजिनिअरिंग सोडून क्रिकेटकडे वळलेला (घरच्यांना हे वाक्य दाखवू नका!). त्याच सुमारास मुंबईने दिल्लीला आशिष नेहरा दिला आणि शिखर धवन घेतला.

दोन्ही व्यवहार शेजारी-शेजारी ठेवून बघा. डावखुरा फास्ट बोलर आला, डावखुरा फास्ट बोलर गेला. विशीतला बॅट्समन गेला, विशीतला बॅट्समन आला. म्हणजे एका जागेवर माणूस बदलला की त्याचा धक्का दुसऱ्या जागेला बसतो. कॅरममध्ये एक सोंगटी मारली की तीन हलतात, तसं.

दुसरं उदाहरण ट्रेंट बोल्टचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये, लिलावाच्या महिनाभर आधी, मुंबईने त्याला दिल्लीकडून घेतलं. नव्या बॉलचा प्रश्न असा आधीच सुटल्यामुळे १९ डिसेंबर २०१९ ला कोलकात्याच्या लिलावात मुंबईची खरेदी शांत होती. नेथन कुल्टर-नाईल ८ कोटी, ख्रिस लिन २ कोटी, सौरभ तिवारी ५० लाख, आणि बाकी तीन खेळाडू प्रत्येकी २० लाखांच्या मूळ किमतीत. त्यांत महाराष्ट्राकडून खेळणारा दिग्विजय देशमुखही होता. पुढे २०२० च्या मोसमात मलिंगा घरगुती कारणामुळे आलाच नाही. पण बोल्ट होता, म्हणून ते खिंडार मोठं वाटलं नाही. त्याने २५ विकेट काढल्या. १० नोव्हेंबर २०२० ला दुबईत फायनल झाली, समोर होती तीच दिल्ली ज्यांनी त्याला सोडलं होतं. पहिल्याच बॉलवर त्याने स्टॉइनिसला बाद केलं, एकूण तीन विकेट घेतल्या आणि मॅन ऑफ द मॅच ठरला.

दुसरा मुद्दा हा. अनुभवी खेळाडू योग्य जागी आला तर लिलावाच्या गर्दीत घाई करावी लागत नाही. घाईत घेतलेली वस्तू महागच पडते, मग ते सोयाबीनचं बियाणं असो की फास्ट बोलर.

२०२३ : हिशेब बरोबर, उत्तर चूक

मुंबईचाच आणखी एक डाव बघू, कारण प्रत्येक वेळी गोष्ट गोड संपत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने हार्दिक पंड्याला गुजरातकडून १५ कोटींना परत आणलं. तेव्हा त्यांच्याकडे आधीच कॅमेरून ग्रीन होता, १७.५ कोटींचा. दोघेही फास्ट बोलिंग करणारे ऑलराउंडर. संघाची एकूण पर्स होती १०० कोटी. दोघांना ठेवलं असतं तर जवळपास एकाच कामासाठी ३२.५ कोटी अडकले असते. म्हणून ग्रीनला रोख व्यवहारात बंगलोरकडे पाठवलं. हार्दिक आला, ग्रीन गेला, आणि वर अडीच कोटी हातात राहिले. जोफ्रा आर्चरसह आणखी काही खेळाडू सोडले.

आता १९ डिसेंबर २०२३ चा दुबईचा लिलाव बघा. मुंबईच्या हातात १७.७५ कोटी आणि आठ रिकाम्या जागा, त्यांतल्या चार परदेशी खेळाडूंसाठी. ऑलराउंडर मिळाला होता, बॅटिंग भरलेली होती. रिकामं होतं ते फास्ट बोलिंगचं कपाट. त्याच दिवशी स्टार्क २४.७५ कोटींना कोलकात्याकडे आणि कमिन्स २०.५० कोटींना हैदराबादकडे गेला. मुंबईच्या खिशात तेवढे पैसेच नव्हते. त्यांनी एका मोठ्या नावाऐवजी तीन मध्यम नावं घेतली. कोएत्झी ५ कोटी, तुषारा ४.८ कोटी, मदुशंका ४.६ कोटी. तिघांचे मिळून १४.४ कोटी. मोहम्मद नबी १.५ कोटीला. आणि चार भारतीय पोरं प्रत्येकी २० लाखांना, त्यांत नमन धीर आणि अंशुल कंबोज. सगळी बेरीज १६.७० कोटी, शिल्लक १.०५ कोटी.

कागदावर हा हिशेब सुंदर आहे. प्रत्येक रिकाम्या खान्यात काहीतरी बसलं. पण मदुशंका जखमी होऊन मोसमच खेळला नाही. हार्दिकला आल्या-आल्या रोहितच्या जागी कॅप्टन केलं, ते प्रेक्षकांना रुचलं नाही आणि वानखेडेवरच हुर्यो झाली. १४ मॅचमध्ये ४ विजय, आणि मुंबई दहाव्या म्हणजे शेवटच्या नंबरावर. ज्याच्यावर २४.७५ कोटी ओतले तो स्टार्क मात्र क्वालिफायर आणि फायनल दोन्हींत मॅन ऑफ द मॅच ठरला आणि कोलकाता जिंकली.

तरीही त्या लिलावातली २० लाखांची दोन नावं लक्षात ठेवा. पुढच्या लिलावात नमन धीरला मुंबईने ५.२५ कोटी देऊन परत घेतलं. अंशुल कंबोज ३.४० कोटींना चेन्नईला गेला आणि जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला भारताकडून टेस्ट खेळला. मोठ्या नावामुळे पैसा आटतो, तेव्हा छोट्या किमतीच्या पोरांकडे बघावंच लागतं. कधी-कधी त्या मजबुरीतच हिरा सापडतो.

तिसरा मुद्दा असा. अनुभवी माणूस रिकाम्या जागेवर आला तर मदत होते. भरलेल्या जागेवर आला तर आधी बसलेल्याला उठवावं लागतं, आणि त्या उठवण्याचा खर्च कोणत्याच पर्समध्ये लिहिलेला नसतो.

आता आपल्या विदर्भाकडे

रणजी ट्रॉफीत लिलाव नसतो. पण बाहेरच्या राज्यातले जास्तीत जास्त तीन खेळाडू संघाला घेता येतात, त्यांना प्रोफेशनल म्हणतात. म्हणजे इथली पर्स आहे तीन खुर्च्यांची. आणि मैदानावर एकूण जागा अकराच. एक प्रोफेशनल आत आला की एक स्थानिक पोरगा बाहेर बसतो, हे गणित कुणालाही टाळता येत नाही.

२०१५ मध्ये विदर्भाने मुंबईच्या वसीम जाफरला घेतलं. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता, भारताकडून ३१ टेस्ट खेळून झाल्या होत्या. २०१६-१७ चा मोसम त्याचा दुखापतीत गेला. अशा वेळी कुणीही म्हणेल, झालं आता, म्हातारा घोडा. पण २०१७-१८ मध्ये तो परत उभा राहिला. तो मोसम आपण विनामानधन खेळलो असं त्याने नंतर सांगितलं आहे. कोच होते चंद्रकांत पंडित, कॅप्टन फैज फजल.

त्या मोसमात विदर्भाच्या टीममध्ये काय झालं ते नीट बघण्यासारखं आहे. वरच्या फळीत फजल, जाफर आणि कर्नाटकातून आलेला गणेश सतीश असे मुरलेले बॅट्समन. त्यामुळे अनुभव शोधायची गरज तिथे उरली नाही, आणि नवी पोरं इतर जागांवर उतरवता आली. विकेटकीपर अक्षय वाडकरचा तो पहिलाच मोसम. फास्ट बोलर रजनीश गुरबानी तर आपल्याच जातीचा, सिव्हिल इंजिनिअर! कोलकात्याच्या सेमीफायनलमध्ये कर्नाटकाविरुद्ध त्याने दोन्ही डावांत मिळून १२ विकेट घेतल्या आणि विदर्भ फक्त ५ रनांनी जिंकला.

फायनल इंदूरला दिल्लीविरुद्ध. गुरबानीने हॅटट्रिकसह पहिल्या डावात ६ बळी घेतले. वाडकरने १३३ रन काढून कारकिर्दीतलं पहिलं शतक ठोकलं, तेही फायनलमध्ये. अकोल्याचा आदित्य ठाकरे याचं तर पदार्पणच त्या फायनलमध्ये झालं. अकोला म्हणजे आपलं जुनं जिल्ह्याचं ठिकाण. १९९८ पर्यंत वाशिम त्यातच होतं. जाफरने पहिल्या डावात ७८ केले आणि १ जानेवारी २०१८ ला विजयी फटकाही त्याच्याच बॅटमधून निघाला. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने ती ट्रॉफी पहिल्यांदा उचलली. पुढच्या वर्षी पुन्हा उचलली, आणि त्या मोसमात चाळिशीच्या जाफरने १०३७ रन काढले.

आपल्याकडे नवा गोऱ्हा औताला शिकवायचा असेल तर त्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतात. दोन नवे गोऱ्हे एकत्र जुंपले तर तास वाकडं जातं. आणि दोन्ही बैल म्हातारे असतील तर यंदाचं वावर नांगरून होईल, पण पुढच्या वर्षी नवी जोडी कुठून आणणार? विदर्भाने जे केलं ते कोणत्याही शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही.

पण बाहेर बसलेल्या पोराचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. जाफर जितकी वर्षं वरच्या फळीत खेळला, तितकी वर्षं विदर्भातला कुणीतरी बॅट्समन ती जागा बघत बसला असणार. त्याचं नाव स्कोअरबुकात नाही, म्हणून त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. रिसोड, कारंजा, मंगरूळपीर अशा ठिकाणाहून एखादा पोरगा नागपूरपर्यंत पोचतो तेव्हा त्याच्या घरच्यांनी बरंच काही मोडलेलं असतं. त्याला "थांब, सध्या सीनियर खेळतोय" हे सांगणं सोपं नाही.

माझ्या मते उत्तर "बाहेरचे नकोत" हे नाही, आणि "जिंकलो ना, मग बस" हेही नाही. उत्तर विदर्भाच्याच पुढच्या वर्षांत सापडतं.

२०१७ च्या त्या सेमीफायनलमध्ये कर्नाटकाकडून १५३ रन काढणारा करुण नायर २०२३ मध्ये प्रोफेशनल म्हणून विदर्भात आला. २०२४-२५ ची फायनल नागपुरात केरळविरुद्ध झाली. विदर्भ ३ बाद २४. तेव्हा नायरच्या जोडीला होता २१ वर्षांचा दानिश मालेवार, रणजीच्या पहिल्याच मोसमात. दोघांनी २१५ रनांची भागीदारी केली. मालेवारने १५३ केले आणि मॅन ऑफ द मॅच तोच ठरला. त्या मोसमात २२ वर्षांच्या हर्ष दुबेने ६९ विकेट काढल्या, रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम. सगळ्यात जास्त ९६० रन यश राठोडचे. आणि कॅप्टन कोण? अक्षय वाडकर, तोच, जो जाफरच्या टीममध्ये नवा गडी होता.

गंमत म्हणजे त्या फायनलमध्ये केरळकडून पहिल्या डावात ७९ रन काढले ते आदित्य सरवटेने. हा मूळचा विदर्भाचा डावखुरा फिरकी बोलर, २०१९ च्या फायनलमध्ये ११ विकेट घेऊन मॅन ऑफ द मॅच ठरलेला. तो प्रोफेशनल म्हणून केरळला गेला होता. म्हणजे आपणही आता दुसऱ्यांना सीनियर पुरवतो! आणि त्याची जागा मोकळी झाली त्याच मोसमात दुसरा डावखुरा फिरकी बोलर, दुबे, विक्रम करून गेला. २०२५-२६ च्या मोसमाआधी नायरही कर्नाटकात परत गेला, आणि त्याची खुर्ची पुन्हा रिकामी झाली.

म्हणजे बाहेरचा सीनियर घेताना तीन प्रश्न विचारायला हवेत. ज्या जागेवर तो येतोय तिथे आपला पोरगा खरंच तयार नाही का? तो किती दिवसांसाठी येतोय हे आपल्याला माहीत आहे का? आणि तो खेळत असताना दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "आणखी एक सीनियर" असेल तर ट्रॉफी येईलही, पण दोन वर्षांनी संघ रिकामा होईल. उत्तर "मालेवार" असेल तर बाहेर बसलेल्या पोरालाही कळतं की दार बंद नाही, फक्त रांग आहे.

हॉस्टेल लीगसाठी एवढंच

मित्रांनो, हे सगळं आपल्यालाही लागू होतं. गॅदरिंगच्या वेळी टीम पाडताना काय होतं? प्रत्येक कॅप्टनला फायनल इयरचे भिडू हवे असतात. समजा प्रत्येकाला हजार पॉइंट दिले, तर त्यातले सातशे दोन फायनल इयरवाल्यांवर जातात, आणि उरलेल्या तीनशेत नऊ जण गोळा करायचे. बरं, ते दोघे मे महिन्यात परीक्षा देऊन जातात. पुढच्या वर्षी नवा कॅप्टन पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो, कारण फर्स्ट इयरच्या पोरांनी वर्षभर फक्त बाउंड्रीबाहेरचे बॉल आणून दिलेले असतात.

फायनल इयरवाला घ्याच. पण एकच घ्या, ज्या जागी खरंच कुणी नाही तिथे घ्या, आणि ओपनिंगला त्याच्यासोबत फर्स्ट इयरचा पोरगा पाठवा. तो पहिल्याच ओव्हरला बाद झाला तर शिव्या देऊ नका. स्पोर्ट्सच्या सरांनाही एक विनंती आहे. आंतरमहाविद्यालयीन टीम निवडताना निदान तीन जागा पहिल्या दोन वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवा. या वर्षी कदाचित एखादी मॅच हातची जाईल, पण पुढच्या वर्षी टीम शोधत फिरावं लागणार नाही.